अढीतला वायू

परवा नातवाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'इथीन' हा शब्द दिसला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा एक तास आठवला.

मी बी.ए., तोही मराठी माध्यमातून. त्या वर्षी शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हते, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला. रात्री वाचायचे आणि सकाळी शिकवायचे!

आमच्या सारंगखेड्याची दत्तयात्रा नुकतीच झाली होती. यात्रेत काही दुकानांत तेव्हा कार्बाईडचे दिवे असत. तेच उदाहरण घेतले. कॅल्शियम कार्बाईडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो, खाली विरलेला चुना उरतो. याच पुडीने केळी पिकवतात, हेही ऐटीत सांगितले.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, आम्ही आंब्याच्या अढीत पुडी टाकत नाही. नुसता पेंढा असतो. मग तिथे वायू आंब्यातूनच निघतो का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "आगाऊपणा पुरे, खाली बस" म्हणालो.

त्याचे बरोबर होते, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले. पिकू लागलेले फळ स्वतःच इथिलीन, म्हणजेच हे इथीन, तयार करते. दोन कार्बन, चार हायड्रोजन. कार्बनला चार हात असतात असे समजा. प्रत्येकाचे दोन हात हायड्रोजन धरतात, उरलेल्या दोन हातांनी दोघे कार्बन एकमेकांना धरतात. हाच दुहेरी बंध. ब्रोमीन भेटला की त्यातली एक पकड सुटते आणि ते हात त्याला धरतात, म्हणून ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग जातो.

एका फळाचा हा वायू शेजारच्या फळाला लागतो, मग तेही पिकू लागून वायू सोडते... आजी कच्च्या आंब्यांत एक पिकलेला का ठेवायची, ते आता कळले. पिकत्या फळांतून इथिलीन निघतो, हे गेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९३४ सालीच दाखवले होते. म्हणजे मी पन्नास वर्षे मागे होतो!

ॲसिटिलीन ही त्याची नक्कल. शिवाय बाजारातल्या कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळे पिकवायला त्यावर बंदी आहे. आता पिकवणीच्या खोल्यांत इथिलीनच सोडतात, दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत.

असो. तो मुलगा आता केळीचा बागायतदार आहे. मागच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात भेटला, तेव्हा म्हटले, "अरे, तुझे उत्तर बरोबर होते." त्याला प्रश्न आठवेना. वर्ग हसला होता, तेवढे आठवत होते.