उजवा कोपरा

परवा रात्री मोबाइलवर एक जुना कृष्णधवल सिनेमा बघत पडलो होतो. नायिका रडायच्या बेतात, तेवढ्यात वर उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका लुकलुकला. माझा हात आपोआप पांघरुणाबाहेर आला आणि हवेत खटका शोधू लागला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"रीळ संपलं."

दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा दिसला की चेंजओव्हर. ठिपका टिकतो फक्त चार फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. तेवढ्यात जांभई आली, तर पब्लिक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. त्यात फिरून फिरून आलेल्या प्रिंटवर गावोगावच्या ऑपरेटरांनी टाचणीनं आपापले ठिपके खरवडलेले. सांगलीचा खरा की इचलकरंजीचा, हे आमच्या मामांना बरोबर कळे. हल्ली जुने सिनेमे धुऊनपुसून चकचकीत करतात, त्यात हे ठिपकेही जातात. मला ते सिनेमे आजारातून उठल्यासारखे वाटतात.

नव्वदच्या सुमारास कोल्हापुरात, पेठेतल्या एका टॉकीजमध्ये मी मामांच्या हाताखाली होतो. कॉलेज नावालाच. मुख्य काम कार्बन सांभाळायचं. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या, टोकाला टोक भिडवून किंचित मागं घ्यायच्या. मधल्या फटीत जो उजेड पेटे, तो काळ्या काचेतूनच बघायचा. कांड्या जळून आखूड होत, फट वाढे, पडद्यावरची हिरॉइन पिवळी पडे आणि पुढच्या बाकांवरून पहिली शिट्टी येई. शिट्टीच्या आत नॉब फिरवला तर हेल्पर, नंतर फिरवला तर गाढव. केबिनमध्ये धुराचा कडवट वास, उन्हाळ्यात बनियनही नको व्हायचं. उरलेली थोटकं मामा डब्यात साठवत आणि तांबं खरवडून भंगारवाल्याला देत. त्या पैशातून चहा आणि रविवारी मिसळ. अमिताभपेक्षा कार्बननं आम्हाला जास्त खाऊ घातलं.

सिनेमा असा कधी बघितलाच नाही. मला पाठ आहेत ते उजवे कोपरे: झुंबराची कड, माडाचा शेंडा, खलनायकाच्या जिन्याचा कठडा.

सहाच्या शोला खेड्यावरची माणसं येत. सिनेमा लांबडा असला की त्यांची शेवटची एस.टी. चुके. मग मॅनेजर वर निरोप धाडी, "एक रीळ गाळा." काय गाळायचं ते मामा ठरवत. लावणीला हात लावायचा नाही. हिरोचं दुःखाचं गाणं बेलाशक जायचं. मलाही ते पटे. 'माहेरची साडी' १९९१ साली आला तेव्हा मात्र मामा म्हणाले, "ह्यातलं काय कापायचं न्हाई. बायका आपल्याला कापत्याल."

एकदा शो सुटल्यावर पटकेवाले एक आजोबा जिना चढून थेट केबिनच्या दारात.

"गाणं कुठाय?"

"एष्टी चुकली असती न्हवं, पाटील."

"चुकू दे की. चालत जातो."

दुसऱ्या दिवशी मामांनी ते रीळ परत लावलं. निम्मं टॉकीज गाणं सुरू होताच उठून स्टँडकडे पळालं.