निवांत वाट, निर्जन वाट

तलमडुगु हे नाव आपल्या मासिकाच्या पुष्कळशा वाचकांच्या कानांवरून गेलेही नसेल. तेलंगणाच्या अगदी उत्तर टोकाला, आदिलाबाद शहराच्या पश्चिमेस असलेले हे मंडलाचे गाव. तेलुगूत 'मडुगु' म्हणजे डोह. गावाच्या नावातच पाणी आहे आणि सभोवती सातमाळ्याच्या डोंगररांगांचे सागवानी रान आहे. उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. पश्चिमेस किनवटचा मुलूख. सुंकिडी, कुचलापूर, खोडद, डोर्ली अशी आमच्या मंडलातील गावांची नावे उच्चारली, म्हणजे तेलुगू कोठे संपते आणि मराठी कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते.

एके काळी हा सारा एकच जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे भाग मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. आम्ही मात्र होतो तेथेच आहोत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, गोंड बांधवांशी दोन शब्द गोंडीतले, असा आमचा संसार चालला आहे. अशा गावी मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावरही रविवारी सायकलवर हिंडतो.

सायकल वडिलांची आहे. बावीस इंची, काळी, अ‍ॅटलास कंपनीची. ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी वाचली, तेव्हा घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले होते. सहकारी शिक्षक थट्टा करतात. परंतु मोटारसायकलवरून रान दिसते, ते भेटत नाही. सायकलवर चढ आला की रान भेटते. दम लागतो, पाय टेकावा लागतो, आणि पाय टेकला की मोहाच्या झाडावरचा हळद्या ऐकू येतो.

माझी आवडती वाट तलमडुगुहून तामसीच्या अंगाने वड्डाडीच्या जलाशयाकडे जाते. मत्तडी वागु नावाच्या ओढ्यावर तेथे धरण बांधले आहे. 'वागु' म्हणजे ओढा आणि 'मत्तडी' म्हणजे तलावाचा सांडवा. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस या फेरीस उत्तम. तेलंगणात सर्वांत कडक थंडी आमच्या आदिलाबादेत पडते. पहाटे हँडलवर बोटे आखडतात. गाव मागे पडले की दुतर्फा काळ्या जमिनीत फुटलेला कापूस, अधूनमधून तुरीचे पाटे, आणि मग हळूहळू साग, ऐन, धावडा, तेंदू. चढ फार उभे नाहीत, पण एकामागून एक येतात. त्यांचा मान राखून, घाई न करता चढावे. शेवटचा उतार संपला की झाडांच्या फटीतून पाण्याची रुपेरी रेघ दिसते. त्या पाण्याच्या काठी बसून शिदोरी सोडली, की आठवड्याचे सारे तक्ते आणि अहवाल विसरायला होतात.

दुसरी वाट दक्षिणेस बोथकडे, पोचेराच्या धबधब्याला जाते. तिला सबंध दिवस हवा. तेथून पुढे नेरडीगोंड्याजवळ कडेम नदीवरचा कुंतला धबधबा आहे. सुमारे ४५ मीटर उंचीवरून तेथे पाणी कोसळते. पण एवढ्या लांबच्या पल्ल्यास मुक्कामाची तयारी ठेवावी.

मात्र ज्या फेरीसाठी हा लेख लिहीत आहे, ती केवळ हौसेची नव्हती. नववीच्या वर्गातील एक मुलगी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. हुशार मुलगी, निबंध असा लिही, की शिक्षकाने वहीवर लाल शाई टाकण्यापूर्वी विचार करावा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे बाके रिकामी होतात, तसेच असेल, असे मी समजलो. तिची वस्ती जलाशयाच्या वाटेवरच, रानाच्या कडेला, शाळेपासून सहा किलोमीटरवर. त्या रविवारी सायकल तिकडे वळवली.

"गुरुजी, एवढ्या लांब सायकलवर? गाडी बंद पडली का काय?" तिच्या वडिलांनी बाज टाकीत विचारले. चहा झाला. वेचणीचा विषय निघाला. मजूर मिळत नाहीत, भाव मनासारखा नाही, "वेचणी सरू द्या, मग धाडतो" असे ते म्हणाले. मी शिक्षणाचे महत्त्व सांगू लागलो. तीस वर्षे सांगत आलो आहे, ते तोंडपाठ आहे. मुलगी दाराआड उभी होती. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, "वेचणीचं काय सांगता गुरुजीले? पोरीले भेव वाटते. मागल्या साली शेजारची पोरगी संगं होती, ती दहावी होऊन गेली. आता एकली कशी जाईन त्या रानातून?"

मी गप्प झालो. मग प्रश्न विचारले, तेव्हा सारे कळले. पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तेथील वाघ नदी ओलांडून भीमपूर, तामसीच्या शिवारात येतात, हे आता आमच्याकडे नवलाचे राहिलेले नाही. वाघाला राज्याची सीमा ठाऊक नसते. परंतु वाघापेक्षाही तिला भय होते ते त्या वळणाचे, जेथे अर्धा अर्धा तास माणूस दिसत नाही, आणि दिसलेच तर ते कोण असेल, हे सांगता येत नाही.

वाचकहो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. ते वळण माझे सर्वांत आवडते! तेथे मी मुद्दाम पाय टेकतो, कारण तेथे कोणी नसते. 'निवांत' म्हणून ज्या वाटेचे गोडवे मी इतकी वर्षे गाइले, तीच वाट एका चौदा वर्षांच्या मुलीला 'निर्जन' होती. एम.ए.ला मराठी शिकलो, समानार्थी शब्दांच्या छटा मुलांना समजावल्या. पण या दोन शब्दांमधले अंतर त्या चुलीपाशी उमगले. एकांत ज्याला हवा तेव्हा घेता येतो आणि नको तेव्हा टाकता येतो, त्यालाच तो सुखाचा वाटतो.

उपदेश तेथेच थांबवला. परतताना वाटेवरच्या तांड्यावर थांबलो. तेथील दोन मुले आमच्याच शाळेत येतात. पण ती उशिरा निघत आणि आडवाटेने येत. त्यांच्या आईबापांशी बोललो. ठरले ते एवढेच: सकाळी आठ वाजता मुलीच्या वडिलांनी तिला तांड्यापर्यंत पोहोचवायचे, तेथून तिघांनी मिळून निघायचे; संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिघांनी एकत्रच परतायचे आणि तांड्यावरून पुढे घरच्या कोणीतरी तिला न्यायचे. पहिले पंधरा दिवस मी त्यांच्याबरोबर सायकलने जाईन, असेही कबूल केले. ते सोपे नव्हते. पौषातल्या थंडीने आणि त्या चढांनी गुडघ्यांची परीक्षा पाहिली. परंतु सोमवारी नाही तरी बुधवारी ती आली. संक्रांतीनंतर आणखी एका वस्तीवरचा मुलगा त्यांना मिळाला. आता चौघांच्या घंट्या त्या वळणावर वाजतात आणि हळद्या उडून जातो. मला त्याचे वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पुढच्या वर्षी ती दहावी होऊन जाईल. तेव्हा तांड्यावरच्या मुलांनाही हाच प्रश्न पडणार आहे. मराठी माध्यमाच्या वर्गांचा पटही पूर्वीसारखा नाही. "मराठी शिकून पुढे काय?" असे पालक विचारतात, त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र मूल शाळेत का येत नाही, हे त्याच्या आजीने ज्या भाषेत सांगितले, ती भाषा कळणारा एक तरी माणूस शाळेत असावा, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो.

जलाशयाच्या काठी बसलो, की एक विचार नेहमी येतो. या डोंगरांच्या उत्तर उतारावरचे पाणी मत्तडीतून पैनगंगेला, पैनगंगेतून वर्धेला आणि वर्धेतून प्राणहितेला जाते. दक्षिण उतारावरचे कडेमवाटे थेट गोदावरीला मिळते. एकाच पावसाची ही दोन पाणी शेकडो मैल वेगवेगळी हिंडतात आणि काळेश्वरापाशी पुन्हा एक होतात. सीमांचे आणि भाषांचेही असेच असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

कोणी वाचक इकडे आलाच, तर थंडीत यावे. पाण्याची बाटली, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान बरोबर ठेवावे. रानात दुकान नाही. दिवस कलण्याआधी परतावे. आणि सकाळी आठच्या सुमारास चार मुले सायकली रेटीत चढावर दिसली, तर घंटी वाजवून त्यांच्याबरोबर थोडे अंतर अवश्य चालावे. त्या वाटेला सोबतीची गरज आहे.