जादोह, क्वाय आणि बॉब डिलन!

गुवाहाटीहून शंभरेक किलोमीटरचा घाट चढताना उमियमचा जलाशय मागे पडतो, पाइनची झाडं दाट होतात आणि आमचा टॅक्सीवाला हिंदी गाणी बंद करून चक्क इंग्रजी रॉक लावतो. ‘‘शिलाँग आलं!’’ एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

अमेरिकी गायक-कवी बॉब डिलनला नोबेल मिळालं २०१६ साली. मेघालयाच्या या राजधानीत मात्र त्याचा २४ मेचा वाढदिवस १९७२पासून साजरा होतोय! हा परिपाठ पाडला लू माजॉ या इथल्याच गायकानं. लांब पांढरे केस, आखूड चड्डी आणि गळ्यात गिटार हा त्याचा अवतार साऱ्या गावाला पाठ आहे.

‘पाश्चात्यांची नक्कल’ म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. मीही थोडं मुरडलंच होतं. पण लायतुमख्राह भागातल्या एका खानावळीत जादोह (मांस घालून शिजवलेला भात) खाताना मालकीणबाईंना विचारलं, ‘‘काँग, हे परकं संगीत तुम्हाला आपलं कसं वाटतं?’’ (थोरल्या बहिणीला खासीत ‘काँग’ म्हणतात.) त्या हसल्या. ‘‘चार सुरांत गायला मला आईनं शिकवलं, आईला आजीनं. मग परकं कसं?’’

आता बोला! आपली पेटी तरी कुठे पंढरपूरची? तीही युरोपातूनच आली ना!

काँगच्या आजीमागे इतिहास आहे. १८४१मध्ये थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी चेरापुंजीला आले. खासी भाषेला त्यांनी रोमन लिपी दिली. त्यांच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांनी चर्चमधून डो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेली गाणी शिकवली. एकाच गाण्यात चार आवाजांनी चार वेगळे सूर धरायचे, हे इथलं पोर लहानपणीच शिकतं. अशा पोराच्या हाती गिटार आली की दुसरं काय होणार? त्यात चार तारांचं दुइतारा हे वाद्य खासींकडे होतंच.

पण नुसत्या चर्चनं हे घडलं नसावं. १९६० साली आपल्याला भाषेच्या आधारावर महाराष्ट्र मिळाला. त्याच वर्षी आसामनं असमिया ही राजभाषा ठरवली आणि तेव्हा आसामातच असलेले हे डोंगर पेटून उठले. खासी भाषेचं नातं असमियाशी नाही, हिंदीशी नाही, ते दूरच्या कंबोडियातल्या ख्मेरशी आहे! वेगळ्या राज्यासाठी चळवळ झाली आणि २१ जानेवारी १९७२ला मेघालय जन्मलं. डिलनचा पहिला वाढदिवस त्यानंतर चारच महिन्यांनी. योगायोग म्हणा हवं तर. मला तो तेवढाच वाटत नाही. मैदानातल्या मोठ्या समाजात विरघळायचं नाही, असं ठरवलेल्या तरुणांना गिटार जवळची वाटली असणार.

या वेगळेपणाला काळी बाजूही आहे. बाहेरच्याला इथे ‘दखार’ म्हणतात. १९७९ साली बंगाली कुटुंबांवर हल्ले झाले, अनेकांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडावी लागली. ‘संगीताचं शहर’ म्हणून गोडवे गाताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

उठताना काँगनी पानात गुंडाळलेली ओली सुपारी पुढे केली. हीच ती क्वाय, खासी पाहुणचाराची खूण. तोंडात टाकताच कानशिलं तापली, घाम फुटला. काँग पोट धरून हसल्या आणि आत जाऊन रेडिओ मोठा केला.