भाड्याची सायकल आणि दिशांची मर्यादा

काटेवाडीच्या रस्त्याला प्रवासाचे अप्रूप नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून याच वाटेने पंढरीकडे जाते. परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्यांचे रिंगण होते आणि पालखी सणसरच्या मुक्कामाला निघते. याच रस्त्याने पुढे जाऊन वळले की वालचंदनगर लागते. ज्यांच्या नावाने ते वसले ते सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ या स्वदेशी जहाजातून मुंबईहून लंडनला निघाले होते. त्याच्या २६ वर्षे आधी, १८९३ साली, वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींनी त्यांना विरोध केला होता. व्यापारी जैन घरांत परदेशगमनाचा प्रश्न आता कोणी त्या स्वरूपात विचारत नाही. पण तो सुटला आहे असेही नाही.

काटेवाडीतील खते-बियाण्यांच्या एका दुकानदार कुटुंबात या वर्षी तो सायकलीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. पुतण्याने बेत मांडला तो असा : थोरल्या काकांना साठावे वर्ष लागत आहे, त्यांच्यासह घरातील चौघांनी मे महिन्यात बेल्जियमला जावे, तेथे सायकली भाड्याने घ्याव्यात आणि आठवडाभर फिरावे. काका कॉलेजला असताना काटेवाडी ते बारामती रोज सायकलने जात. सुटीत दहिगावच्या अतिशय क्षेत्राला वालचंदनगरवरून नीरा ओलांडून सायकलनेच दर्शनाला जाणे हा त्यांचा नेम होता. पुतण्या सायकल शिकला तोही त्यांच्याच हाताखाली.

मे महिना निवडण्यामागे दुकानाचा आणि धर्माचा असा दुहेरी हिशेब होता. मृग लागला की बियाण्यांसाठी रांग लागते, मग पालखी येते, पाठोपाठ चातुर्मास बसतो आणि भाद्रपदात दशलक्षण पर्व. अक्षय्य तृतीया उलटल्यावरचे दोन आठवडे तेवढे मोकळे. शिवाय त्या काळात अँटवर्पला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला दिवसभर सायकल चालवून, खोलीवर येऊन, स्वयंपाक करून सावकाश जेवता येते. डिसेंबरात तेथे साडेचार-पाचलाच अंधार पडतो. त्या ऋतूत हाच बेत अशक्य ठरला असता.

स्वतःच्या सायकली न नेण्याचे कारण सरळ आहे. रोड सायकल सुटी करून खोक्यात भरायची, विमानाचे जादा भाडे मोजायचे आणि उतरल्यावर ती धड निघेल की नाही या चिंतेत प्रवास करायचा, यात सुटीचे सुख उरत नाही. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२३ साली निघाले आणि १९२८ साली जगप्रदक्षिणा करून परतले. त्यांना आपल्या सायकलींचे ओझे वाहणे भाग होते. आठवड्याच्या प्रवाशाला नाही. भाड्याची सायकल ही आपल्याकडेही काही नवी चीज नव्हे. तासाच्या बोलीने सायकल देणारी आणि वहीत नाव व वेळ टिपून ठेवणारी दुकाने एके काळी गावोगाव होती. वापर आहे, मालकी नाही : अपरिग्रहाच्या दृष्टीनेही हा व्यवहार वाईट नाही.

मात्र भाड्याच्या सायकलीची चौकशी आधीच, आणि लेखी, करावी लागते. फ्रेमचे माप उंचीवर आणि जांघेपासून टाचेपर्यंतच्या लांबीवर ठरते. ते सेंटीमीटरमध्ये कळवावे. सीट चामड्याची नको, कृत्रिम हवी, हे स्पष्ट लिहावे. हातमोज्यांच्या तळव्यालाही पुष्कळदा चामडे असते. ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढावे, म्हणजे परत देताना वाद होत नाही. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण सायकलीच्या मोडतोडीचा आणि चोरीचा विचार वेगळा करावा लागतो. शेंगेन देशांचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि जेथे अधिक दिवस राहायचे त्या देशाकडेच तो करावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपात तो बहुधा डाव्या हाताला. उतारावर घाबरून सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला, तर मागचे चाक थांबण्याऐवजी पुढचे अडते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यात रस्त्याची बाजूही उजवी. बेल्जियममध्ये जेथे खूण किंवा सिग्नल नसेल, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, हेही तेथे उतरण्यापूर्वीच अंगवळणी पडलेले बरे.

देश निवडला तो मात्र फार विचाराने. फ्लँडर्सचा भाग काटेवाडीच्या शिवारासारखा सपाट आहे. चढ नाहीत, पण समोरचा वारा चढाचे काम करतो. चौकाचौकांना क्रमांक देऊन आखलेले सायकलमार्गांचे जाळे बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात १९९५ साली प्रथम तयार झाले आणि पुढे शेजारच्या प्रदेशांतही पसरले. सकाळी क्रमांकांची ओळ चिठ्ठीवर लिहून हँडलला लावली की दिवसभर नकाशा उघडावा लागत नाही. अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपूरकडच्या जैन कुटुंबांचा जम कधीच बसला आहे, आणि शहरालगतच्या विलराइक येथे संगमरवरी जिनमंदिर आहे. ते श्वेतांबर परंपरेचे आहे. पण परक्या मुलखात दर्शन घडणार म्हटल्यावर काकूंनी तो भेद मनावर घेतला नाही.

खाण्याची यादी त्यांनीच केली. तिकडचे प्रसिद्ध तळलेले बटाटे परंपरेने गाईच्या चरबीत तळले जातात, तेव्हा कंदमुळाच्या पथ्याआधीच ते बाद झाले. चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असू शकते. सायकलस्वारांच्या शक्तिवर्धक वड्यांत मध किंवा जिलेटिन सापडते. म्हणून खाकरे, मेतकूट, भाजके पोहे, शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर. साजूक तुपाचा डबा व पेढे मात्र यादीतून काढावे लागले, कारण बाहेरील देशांतून दुग्धजन्य पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात मनाई आहे. गाळण्याचे वस्त्र मात्र नेता येते.

हे सारे ठरल्यावर, अर्ज भरायच्या आदल्या रविवारी, काकांनी शांतपणे सांगितले की ते येणार नाहीत. वीस वर्षांपूर्वी फलटणला एका मुनिमहाराजांसमोर त्यांनी दिग्व्रत घेतले होते : उत्तरेला हिमालय, इतर दिशांना समुद्र. घरात ते कोणाला नीटसे ठाऊक नव्हते, कारण त्या मर्यादेशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता.

मग व्यापारी घरात व्हायची तीच चर्चा झाली. कोणी सुचवले, उत्तरेची हद्द विंध्यापर्यंत आणावी आणि वाचलेले अंतर पश्चिमेला जोडावे. काश्मीरला तसे कोण जाते? जमा-खर्चाच्या वहीत ही नोंद चालली असती. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत क्षेत्रवृद्धी आहे, आणि एका दिशेचे कमी करून दुसऱ्या दिशेला वाढवणे हीच तिची प्रसिद्ध व्याख्या. वर जाण्याचा आणि खाली जाण्याचा अतिचारही त्याच यादीत आहे. विमानाची उंची, आणि अँटवर्पला नदीखालून सायकली नेणारे १९३३ सालचे भुयार, असे दोन्ही एकाच सहलीत आले असते, असे काका हसत म्हणाले.

दुसऱ्याने प्रायश्चित्ताचा मार्ग दाखवला. “दंड भरायचा हे आधीच ठरवून केलेल्या सौद्याला बाजारात काय म्हणतात, ते तुम्हीच सांगा,” एवढेच उत्तर त्याला मिळाले.

पुतण्याचा प्रश्न वेगळा होता. बेत ज्यांच्यासाठी केला तेच नाहीत, तर जायचे कशाला? कोकणात जाऊ, केरळला जाऊ. मर्यादेच्या आत सगळा देश पडला आहे. त्यात प्रेम होते, आणि थोडा रागही. काकांनी तो बराच वेळ बोलू दिला. मग समंतभद्राचार्यांचा रत्नकरंडक श्रावकाचार काय सांगतो ते त्यांनी समजावले : मर्यादेबाहेरच्या प्रदेशात श्रावकाच्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही, म्हणून तेवढ्या क्षेत्रापुरती त्याची अणुव्रते महाव्रतांच्या तोलाची होतात. “बेल्जियमपुरता मी मुनी आहे रे,” ते म्हणाले. “इथे दुकानात उधारीवरून रोज चिडतो. जगाच्या एवढ्या मोठ्या भागात माझ्याकडून कोणाला त्रास नाही, हे सोडून द्यायला सांगू नकोस. आणि माझ्या व्रतासाठी तू घरी बसलास, तर ते व्रत माझे राहिले कुठे? ते तुझ्यावरची सक्ती झाले.”

चौथी जागा काकांच्या भाचीला मिळाली. आता दर रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, तिघे आणि काका दहिगावच्या वाटेने जातात. नीरेच्या पुलावर वाऱ्यात एकमेकांच्या आडोशाने कसे चालवायचे, ते काका शिकवतात. बारामतीच्या मिस्त्रीकडून त्यांनी तिघांच्याही सायकलींच्या ब्रेकच्या तारा उलट्या बसवून आणल्या आहेत आणि पुढच्या ब्रेकच्या मुठीला लाल सुतळी गुंडाळली आहे. परतल्यावर गोदामापुढच्या आवारात खडूने चौक आखून त्यांना क्रमांक दिले जातात. काका खतांच्या पोत्यावर बसून क्रमांक पुकारतात, आणि कोणी डाव्या बाजूने वळले की त्याला पुन्हा पहिल्या चौकात पाठवतात.