मुंबई ते न्यूयॉर्क 12,500 किलोमीटर म्हणजे नक्की किती तास?

मोबाईलवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर येतं, 12,500 किलोमीटर. खाली लिहिलेलं असतं, साधारण 14 तास. हिशेब सरळ आहे, ताशी 900 किलोमीटरनं भागाकार. पण तो पृथ्वीच्या गोळ्यावर दोरी ताणून काढलेला आकडा आहे. ती दोरी पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया असं कुणालाही न विचारता जाते. विमानाला विचारावं लागतं.

24 एप्रिल 2025 ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. 30 तारखेला आपणही त्यांना बंद केलं. पुढं महिन्यामहिन्यानं मुदत वाढत गेली. मुंबईपेक्षा दिल्लीला झळ जास्त. उत्तरेकडं सरळ निघायचं ते विमान आधी खाली अरबी समुद्राकडं येतं, मग आखाताकडं वळतं. जास्त अंतर म्हणजे जास्त इंधन, इंधनाचं वजन म्हणजे माल आणि माणसं कमी. वर वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांना कायद्याची मर्यादा. म्हणून अमेरिकेची काही विमानं व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. एअर इंडियानं 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली–वॉशिंग्टन बंदच केली. विमानं कमी हे एक कारण, हे आकाश दुसरं. परदेशी कंपन्यांना मात्र तो रस्ता मोकळा!

नवीन काही नाही हे. बालाकोटनंतर 2019 मध्ये साडेचार महिने असंच होतं. तेव्हा एकट्या एअर इंडियाचा 491 कोटींचा तोटा सरकारनंच संसदेत सांगितला होता.

आमच्या अंबाजोगाईत याची काय बातमी होणार, असं वाटेल. जून 2025 मध्ये आमच्या गल्लीतले गुरुजी गेले. मुलगी न्यू जर्सीत. अंगणात पोरांनी मोबाईलवर 14 तास बघितले आणि "उद्या संध्याकाळपर्यंत ताई येतीच" म्हणाले. बर्फाची पेटी आणली. पण त्या रात्रीचं तिकीट मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी मिळालं ते दोन ठिकाणी विमान बदलायचं. त्याच महिन्यात इराण-इस्रायलच्या लढाईनं तिकडचंही आकाश बंद पडलेलं. मुंबईहून पुढं अंबाजोगाई म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, ती कुठल्याच ॲपच्या हिशेबात नसते. थोरल्या भावानं शेवटी अग्नी दिला. ताई पोचली ती राख सावडायच्या दिवशी.

आकाश बंद केल्याच्या बातम्या आम्ही पत्रकारांनी 'दणका' म्हणून छापल्या. निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण दणक्याचे तास कुणाच्या खात्यावर पडतात, हे छापायला काय हरकत होती?

गंमत म्हणजे लांबचा रस्ता नेहमी उशिराचाच असतो असंही नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरनं वाढलं, पण पाठीमागून वारा मिळाला आणि 15,300 किलोमीटर साडेचौदा तासांत संपले. न्यूयॉर्कला जाताना हाच वारा समोरून येतो, म्हणून परतीपेक्षा जायला वेळ जास्त.

तेव्हा ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांनी अंतराचं ॲप बघू नका. त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तासांत पोचलं, हे विमानं दाखवणाऱ्या साईटवर फुकट दिसतं. त्यात विमानतळावरचे तीन तास आणि गावापर्यंतची गाडी मिळवा. आणि घरात कुणी अत्यवस्थ असेल तर तो आकडा आत्ताच काढून ठेवा.