घाटाच्या अलीकडचें गांव

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाला हल्लीं पनवेल भेटतें तें बहुधा रस्त्यावरील पाटीच्या रूपानें. पूर्वीं तसें नव्हतें. मुंबईचीं माणसें व माल गलबतांतून पनवेलच्या बंदरांत उतरत आणि खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जात. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून येथें बैलगाड्यांची रीघ लागली. जुन्या सरकारी गॅझेटियरांत पनवेलचा धंदा म्हणून नोंद आहे ती गाड्यांचीं चाकें बनविण्याची. देशावरचा गाडीवान माल उतरवून परततांना येथून चाकांची जोडी घेई. १८६३ सालीं आगगाडी कर्जतमार्गें घाट चढली आणि ती वर्दळ ओसरली. परंतु घाटापूर्वीं गाडी नीट पाहून घ्यावी, ही या गांवची जुनी रीत आमच्या घरीं अद्याप चालूं आहे.

आमची गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर ती घडली. ती कारखान्यांतून निघणें केव्हांच बंद झालें. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमची मात्र दोन लाख किलोमीटरांहून अधिक धांवूनही, मजसारखीच, सेवानिवृत्तीनंतर घरचीं कामें करते. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं परिवहन कार्यालयांत तिची परीक्षा होते. पण घाट कांहीं पांच वर्षें वाट पाहत नाहीं. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वीं मी स्वतः तिची परीक्षा घेतों.

गतवर्षीं ज्येष्ठांत पुण्यास धाकट्या मुलीकडे नातीचें बारसें होतें. दोनच दिवसांपूर्वीं एका गॅरेजांतून गाडी ऑईल बदलून आणली होती आणि "सगळें ठीक आहे, काका" असा निर्वाळाही मिळाला होता. पहांटे सहाला सौ. मांडीवर बाळंतविड्याचें गांठोडें घेऊन बसली. नित्याप्रमाणें मीं बॉनेट उघडलें. ऑईल पट्टीच्या दोन खुणांच्या मध्यें, रेडिएटरांत पाणी पुरेसें, पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबतां बेताचा दबणारा. सर्व यथास्थित होतें. तरी पेट्रोलचा वास येत होता. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी किंचित् वांकवून पाहतों, तों वळणावर केसाएवढ्या भेगा, आणि एका भेगेंत चमकणारा थेंब! तसेच निघालों असतों, तर तो थेंब खोपोलीच्या चढावर तापल्या एंजिनावर पडला असता.

याचें कारण पुढें समजलें. आतां पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. २०२५ पासून देशभर सर्रास तेंच मिळतें. जुन्या गाड्यांचें रबर त्या मद्यार्कासाठीं घडविलेलें नव्हतें; तें फुगतें, मऊ पडतें किंवा तडकतें. शिवाय मद्यार्क हवेंतील ओल शोषून घेतो. म्हणून आमच्या कोंकणच्या दमट हवेंत फार दिवस उभी राहिलेली गाडी टाकींत आंतून गंजण्याचें भय असतें. ज्यांच्या दारीं अशी वृद्ध गाडी आहे, त्यांनीं सर्व नळ्या एकदां हातानें चाचपून पाहाव्या आणि इथेनॉल सोसणारी नळी दुकानांत मागून घ्यावी. ती बसविणें अवघड नाहीं. मात्र एंजिन पूर्ण गार असावें, जागा उघडी असावी आणि जवळपास विस्तव नसावा. रेडिएटरचें झांकणही एंजिन तापलेलें असतां कधीं उघडूं नये. आंतील दाबाखालचें पाणी तोंडावर उसळतें.

वाचकांनीं मला मोठा कारागीर मात्र समजूं नये. उमेदीच्या काळीं मीं ब्रेकचें कामही स्वतःच केलें होतें. नळींत हवा राहून गेली, आणि गाढी नदीच्या पुलाजवळ पायाखालचा ब्रेक पोकळ लागला. हातब्रेकानें वेळ निभावली; पण त्या दिवशीं शेजारीं धाकटी मुलगी बसली होती. तेव्हांपासून ब्रेक मिस्त्रीच्या हवालीं.

त्या दिवशीं दुकान उघडेपर्यंत थांबावें लागलें. अकराला निघालों. सौ. खोपोलीपर्यंत एक शब्द बोलली नाहीं. मग मींच नळीचा तो तुकडा तिच्या हातीं दिला. तिनें तो वांकवून पाहिला, आणि पुढच्या वळणावर एवढेंच म्हणाली, "सावकाश चला." सायंकाळीं पाळणा हालण्यापूर्वीं आम्ही पोहोंचलों होतों.

पनवेलला येणारा तो जुना गाडीवान चाक सुताराकडूनच घेई. पण आंसाला वंगण मात्र स्वतःच्या हातानें घाली. त्याची ती वांटणी मला अजून योग्य वाटते.