नांदूरच्या मनोऱ्यावर दोन दुर्बिणी

दोस्तांनो, हिवाळ्यात नाशिककडे जाणार असाल, तर निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जरूर जा. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. पाण्याबरोबर गाळ आला, साचत गेला, त्याची बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना आयती खाणावळ मिळाली! १९८६ साली इथे अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक ‘रामसर’ यादीत त्याचं नाव जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलंच रामसर स्थळ.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. वर चढलात की समोर चित्रबलाक, चमचे, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या. पण नुसत्या डोळ्यांना ते सगळे ठिपकेच! दुर्बीण हवीच. आता प्रश्न असा, की कोणती?

समजा, तुमच्या निसर्गमंडळाने खाऊचे पैसे साठवलेत. त्यात एकच दुर्बीण येणार. दुकानात एकाच किमतीच्या दोन आहेत. दोन्हींवर ८×४२ लिहिलंय. म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसणार आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर रुंद. एक दुर्बीण सरळ नळ्यांची, सडपातळ. दुसरी खांदे बाहेर काढलेली, जाडजूड. सगळ्यांचा हात पहिलीकडेच जातो, नाही का? थांबा जरा!

दुर्बिणीतल्या भिंगांनी चित्र उलटं पडतं. ते सुलटं करायला आत काचेचे लोलक, म्हणजे प्रिझम, बसवतात. खांदेवाल्या दुर्बिणीतल्या लोलकांची रचना इग्नाझियो पोरो या इटालियन माणसाची, १८५४ सालची. म्हणून ती ‘पोरो प्रिझम’. यात प्रकाश अशा तिरक्या कोनात काचेवर आपटतो, की काच स्वतःच आरसा बनते. सगळा प्रकाश परत फिरतो. मुलामा नको, काही नको.

सरळ नळीची ती ‘रूफ प्रिझम’. तिच्या लोलकाची एक बाजू घराच्या छपरासारखी असते. बहुतेक रूफ दुर्बिणींत लोलकाच्या एका पृष्ठावर प्रकाश पुरेसा तिरका पडत नाही आणि काच पारदर्शकच राहते. मग तिथे आरशासारखा मुलामा द्यावा लागतो. ॲल्युमिनियमचा मुलामा शंभरातला साधारण नव्वद भाग प्रकाश परत पाठवतो, चांदीचा पंचाण्णवच्या वर आणि अनेक पातळ थरांचा ‘डायइलेक्ट्रिक’ लेप तर जवळजवळ नव्याण्णव.

आणखी एक भानगड आहे. छपराच्या दोन उतारांवरून प्रकाश दोन वाटांनी जातो आणि पुढे एकत्र येतो. लेझमीच्या दोन रांगांपैकी एक रांग ठेका चुकली तर काय होईल? सगळा खेळ विस्कटेल. प्रकाशलहरींचंही तसंच होतं आणि बारीक रेषा पुसट दिसतात. ठेका जुळवायला जो लेप देतात, तो ‘फेज कोटिंग’. झाइस कंपनीने १९८८ साली तो दुर्बिणीत आणला. पोरोला तो लागतच नाही.

भिंगांवरचा लेप मात्र दोघींनाही हवा. लेप नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून चार टक्के प्रकाश मागे परततो. तुम्हीच हिशेब करा: अशी दहा पृष्ठं असली, तर डोळ्यांपर्यंत दोन-तृतीयांशच प्रकाश पोहोचेल! भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पांढरंशुभ्र दिसलं तर त्या पृष्ठाला लेप नाही. हिरवट-जांभळट, मंद दिसलं तर आहे. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ लिहिलेलं असेल, तर सगळ्या पृष्ठांवर अनेक थरांचा लेप आहे असं समजायचं.

एवढ्याशा लेपाचं काय मोठं, असं वाटतंय? मग सूर्य मावळल्यानंतरच्या मनोऱ्यावर चला. पाणकणसावरून एक तपकिरी शिकारी पक्षी खाली खाली तरंगत येतोय. घार की दलदल भोवत्या? भोवत्याच्या मादीचा माथा पिवळसर-पांढरा असतो आणि घारीच्या शेपटीला खाच असते. दुर्बिणीने प्रकाश गिळला, तर माथाही काळपट आणि शेपटीही काळपट. वहीत काय लिहाल? अंदाजाने ‘भोवत्या’ लिहिलं तर ती नोंद खोटी. अशा वेळी सरळ प्रश्नचिन्ह घाला.

तर मग पैसे बेताचे असतील, तर माझं मत खांदेवालीला. तिच्यात महागड्या मुलाम्यांचा खर्चच नाही, म्हणून तेवढ्याच पैशांत बहुधा चित्र अधिक स्वच्छ मिळतं. मात्र रूफवर ‘फेज कोटेड’ आणि ‘डायइलेक्ट्रिक’ असे दोन्ही शब्द असतील आणि किंमत झेपत असेल, तर ती खुशाल घ्या. ती हातात सुटसुटीत बसते आणि धुकं-पाणी आत जाणार नाही अशी बंद करणंही सोपं असतं. हल्ली मध्यम किमतीतही अशा दुर्बिणी मिळतात. हे शब्दच नसतील, तर नुसत्या सडपातळ रूपावर भाळू नका. आणि दुकानात भर दुपारी रस्ता बघून ठरवू नका. संध्याकाळी जा आणि अंधाऱ्या कोपऱ्यातली पाटी वाचून पाहा.

आणि हो, दुर्बीण सूर्याकडे कधीही, चुकूनसुद्धा, वळवायची नाही. डोळे कायमचे जातील. मनोऱ्यावर पाळी लावून बघा आणि सगळ्यांत लहान मुलाला पहिली पाळी द्या!